फोन चोरीला गेला? आधी लॉक, मग सिम, मग बँक, मग पोलीस

संध्याकाळी साडेसहाची गाडी. स्टँडवर तोबा गर्दी. एका हातात पिशवी, दुसऱ्या हाताने दांडा धरून कशीबशी चढले, खिडकी मिळाली म्हणून खूश झाले आणि तिकिटाचे पैसे ऑनलाइन द्यावेत म्हणून पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात हात घातला. चेन उघडी. फोन गायब.

त्यानंतर मी जे जे केलं ते सगळं करायचंच होतं, फक्त क्रम चुकला. आधी स्टँडवर शोधाशोध, मग पोलीस चौकी, तिथे पाऊण तास, मग रिक्षाने घर, मग नवऱ्याच्या फोनवरून सिम बंद आणि सगळ्यात शेवटी बँक. म्हणजे माझं चालू सिम जवळजवळ तीन तास चोराच्या हातात होतं. पैसे गेले नाहीत हे निव्वळ नशीब. तुमच्यावर ही वेळ आली तर नशिबावर विसंबू नका. क्रम खाली देते आहे.

एक अपवाद आधीच सांगते. कुणी धमकावून, मारहाण करून किंवा हिसकावून फोन नेला असेल आणि तुम्ही अजून तिथेच असाल, तर पहिला फोन ११२ ला. बाकी सगळं त्यानंतर.

१. पहिली पाच मिनिटं: फोन लॉक करा, सिम त्यानंतर

बहुतेक लोक, आणि बहुतेक सल्ले, आधी सिम बंद करायला सांगतात. मला तसं वाटत नाही. सिम बंद झालं की फोनचं इंटरनेट गेलं, आणि इंटरनेट गेलं की तुम्ही दुरून पाठवलेला लॉकचा हुकूम फोनपर्यंत पोचणारच नाही. म्हणून आधी लॉक. पण त्यात पाच मिनिटांपेक्षा जास्त अडकू नका. जमलं नाही तर सोडून द्या आणि थेट सिमकडे वळा.

शेजारच्याचा फोन मागा. गाडीत माझ्या बाजूला कॉलेजची एक मुलगी होती, तिने न मागता दिला. मीच घाबरून आधी नवऱ्याला फोन लावला आणि पाच मिनिटं नुसती रडले. ते करू नका.

अँड्रॉइड फोन असेल तर ब्राउझरमध्ये अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश फाइंड हा पत्ता टाका आणि आपल्या गूगल खात्याने आत शिरा. शक्यतो इन्कॉग्निटो खिडकीत, म्हणजे तुमचं खातं त्या फोनवर राहून जाणार नाही. तिथे फोन नकाशावर दिसतो आणि लॉक करण्याचा पर्याय असतो. पडद्यावर झळकेल असा निरोप आणि संपर्काचा नंबरही ठेवता येतो.

इथे पहिला खड्डा आहे. तुमच्या खात्याला दोन टप्प्यांची सुरक्षा असेल, तर गूगल विचारतं, ‘तुमच्या फोनवर आलेल्या सूचनेला होय म्हणा.’ फोनच चोरीला गेलाय, होय कुठून म्हणणार? यावर उपाय दोन, पण दोन्ही आधी करून ठेवावे लागतात. एक म्हणजे गूगलचे बॅकअप कोड, आठ-आठ अंकी दहा कोड, कागदावर लिहून पाकिटात ठेवलेले. दुसरा म्हणजे अँड्रॉइडचा रिमोट लॉक. अँड्रॉइड डॉट कॉम स्लॅश लॉक या पत्त्यावर नुसता मोबाइल नंबर टाकला की फोनची स्क्रीन लॉक होते, पासवर्ड लागत नाही. तो चालू कसा करायचा ते शेवटच्या टप्प्यात.

आयफोनवाल्यांनी आयक्लाउड डॉट कॉम स्लॅश फाइंड वर जावं आणि फोन हरवल्याचा मोड, म्हणजे लॉस्ट मोड, चालू करावा. हे पान उघडायला दुसऱ्या टप्प्याचा कोड लागत नाही, पासवर्ड पुरतो.

फोनमधला सगळा मजकूर पुसून टाकण्याचं बटणही तिथेच दिसेल. रागाच्या भरात ते लगेच दाबू नका. अँड्रॉइड फोन पुसला की तो नकाशावरून कायमचा गेला. फोन परत मिळण्याची आशाच संपली असं वाटेल तेव्हा पुसा.

आणि नकाशावर ठिपका दिसला म्हणून दोन मित्र घेऊन त्या गल्लीत जाऊ नका. ठिपका दहा-वीस मीटर इकडेतिकडे दाखवतो, आणि तुम्ही ज्याचं दार वाजवाल तो चोर नसेल, किंवा असेलही. दोन्हीत तुमचीच पंचाईत. ठिपक्याचा स्क्रीनशॉट काढा, तो पोलिसांना द्या.

२. सिम बंद करा

‘फोनला लॉक आहे, चोर काय करणार?’ असं मलाही वाटायचं. चोर फोन उघडायच्या फंदात पडत नाही. तो सिम काढून स्वतःच्या फोनमध्ये घालतो. मग तुमच्या नावाने येणारा प्रत्येक ओटीपी त्याच्या हातात.

तुमच्याच कंपनीचं सिम असलेला कुणी जवळ असेल तर त्या फोनवरून १९८ लावा. हा तक्रारींचा नंबर आहे. नाव, जन्मतारीख, पत्ता, शेवटचा रिचार्ज कितीचा आणि कधी केला असं काहीबाही विचारतात. रिचार्ज नवऱ्याने केला होता, मला रक्कम आठवेना, त्यात पाच मिनिटं गेली. दोन सिम असतील तर दोन्ही बंद करा. घाईगडबडीत दुसरं सिम हमखास विसरलं जातं. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून घ्या.

कस्टमर केअरचा नंबर सर्चमध्ये शोधू नका. वर दिसणारे पहिले दोन-तीन नंबर भामट्यांचे असू शकतात आणि घाबरलेल्या माणसाला त्यातलं काही कळत नाही. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा ॲपमधूनच घ्या.

३. बँक आणि यूपीआय

बँकेचा नंबर डेबिट कार्डाच्या पाठीमागे छापलेला असतो. त्यावर फोन करून सांगा: ‘मोबाइल चोरीला गेलाय. यूपीआय, मोबाइल बँकिंग आणि नेट बँकिंग थांबवा.’ प्रत्येक बँकेला वेगळा फोन. एखाद्या जुन्या नोकरीतलं पगाराचं खातं, सोसायटीचं किंवा पतसंस्थेचं खातं यूपीआयला जोडलेलं असेल तर तेही आठवा.

‘पण यूपीआयला पिन लागतो ना?’ लागतो. मात्र पिन बदलायला बऱ्याच ठिकाणी डेबिट कार्डाचे शेवटचे सहा अंक, कार्डाची मुदत आणि ओटीपी एवढ्यावर भागतं. आधारच्या ओटीपीनेही पिन बदलता येतो. आता तुमची फोटोंची गॅलरी डोळ्यांपुढे आणा. आधारचा फोटो आहे? कार्डाचा, पुढून आणि मागून? माझ्याकडे होता. एकदा वडिलांनी मागितला म्हणून काढला, व्हॉट्सॲपवर पाठवला, तो गॅलरीतही राहिला आणि चॅटमध्येही. लॉक उघडला असता तर तिजोरीची किल्ली तिजोरीलाच लटकवून ठेवल्यासारखं झालं असतं.

यूपीआय लाइट वापरत असाल तर एक लक्षात असू द्या. त्यातले पैसे पिनशिवाय जातात, एका वेळी हजार रुपयांपर्यंत, आणि त्यात पाच हजारांपर्यंत रक्कम ठेवता येते. चहा-वडापावला सोय छान आहे, पण उघड्या फोनमध्ये तो खुला खिसा आहे. मी आता त्यात तीनशेच्या वर ठेवत नाही.

पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० लावा. हा सायबर फसवणुकीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे. किती रक्कम, किती वाजता, कुठल्या खात्यातून आणि यूपीआयचा बारा अंकी व्यवहार क्रमांक एवढं हाताशी ठेवा. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत तक्रार पोचली तर ते तिथेच अडवता येतात, म्हणून इथे तासाला किंमत आहे. बँकेलाही लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी त्याने किती दिवसांत कळवलं यावर ठरवली आहे. चूक तुमची नसेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर तुमच्यावर काहीच जबाबदारी येत नाही. चूक तुमची असली, म्हणजे पिन कुणाला सांगितला वगैरे, तरी बँकेला कळवल्यानंतर झालेलं नुकसान बँकेच्या माथी. म्हणून ईमेल पाठवा. तारीख-वेळेचा पुरावा राहतो.

४. पोलीस: ‘गहाळ’ आणि ‘चोरी’ यांतला फरक

इथे मी सगळ्यात जास्त गोंधळले, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

चौकीतल्या माणसाने पहिला प्रश्न विचारला, ‘मॅडम, चोरताना पाहिलं का कुणाला?’ नाही म्हटल्यावर म्हणाला, ‘मग गहाळ लिहा.’ मी लिहिलं. कागदावर शिक्का मिळाला, समाधान वाटलं. चार दिवसांनी विमा कंपनीने तोच कागद परत केला. त्यांना चोरीचा एफआयआर हवा होता.

फोन खरंच कुठे पडला, रिक्षात राहिला, तर गहाळची तक्रार बरोबर आहे. मुंबई आणि पुणे पोलिसांच्या संकेतस्थळांवर ती घरबसल्या करता येते आणि त्याची प्रत सीईआयआरला (चोरीचे फोन बाद करणारी सरकारी नोंदवही, तिच्याबद्दल सहाव्या टप्प्यात) चालते. पण बंद चेनच्या कप्प्यातून फोन गेला आणि चेन उघडी मिळाली, तर ती चोरी आहे, चोर तुम्ही पाहिलेला असो वा नसो. तसं स्पष्ट सांगा. अर्जात ‘हरवला’ हा शब्द लिहू नका, ‘चोरीस गेला’ लिहा. विमा असेल तर हे फारच महत्त्वाचं.

प्रवासात असाल तर ‘आमची हद्द नाही’ हे हमखास ऐकायला मिळतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी पोलीस ठाण्यात माहिती देता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत तक्रारदाराला मोफत मिळते. आवाज न चढवता, कलमाचा आकडा सांगून बोललं तर काम होतं असा माझा अनुभव. दुसऱ्या खेपेला मी तसंच केलं. रेल्वेत किंवा फलाटावर फोन गेला असेल तर लोहमार्ग पोलिसांकडे जा. गाडीतूनच मदत हवी असेल तर १३९.

जाताना हे बरोबर असू द्या:

- फोनचं बिल. ऑनलाइन घेतला असेल तर त्या खात्यातल्या ऑर्डरमधून डाउनलोड करून छापून घ्या.
- आयएमईआय क्रमांक, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक, पंधरा अंकी. दोन सिमच्या फोनला दोन असतात, दोन्ही लिहा. फोनच्या खोक्यावर, बहुतेक बिलांवर आणि गूगल खात्यातल्या फोनच्या माहितीतही मिळतो.
- आधार किंवा दुसरं ओळखपत्र, मूळ आणि झेरॉक्स.
- सिम बंद केल्याचा तक्रार क्रमांक.
- नकाशाचा स्क्रीनशॉट, असल्यास.

बिल सासऱ्यांच्या नावावर, सिम नवऱ्याच्या नावावर आणि फोन वापरणार तुम्ही, असं आपल्याकडे घरोघरी असतं. अर्जातच एक ओळ लिहून टाका की फोन अमुक यांच्या नावे घेतलेला असून मी वापरत होते.

५. त्याच नंबरचं नवं सिम

कंपनीच्या दुकानात आधार घेऊन जा, त्याच नंबरचं सिम तासाभरात मिळतं. सिम ज्याच्या नावावर आहे त्यानेच जायचं. मी गेले, परत आले आणि मग आम्ही दोघं गेलो.

आता दुसरा मोठा खड्डा. नव्याने घेतलेल्या सिमवर पहिले चोवीस तास एसएमएस येत नाहीत. सिम बिघडलेलं नाही, नियमच तसा आहे, कारण भामटे दुसऱ्याच्या नावाने सिम काढून लगेच ओटीपी मिळवायचे. म्हणून त्या दिवशी ओटीपीसाठी पुन्हा पुन्हा बटण दाबत बसू नका. उद्या या वेळेपर्यंत बँकेची किंवा सीईआयआरची कामं होणार नाहीत, हे धरूनच चाला.

व्हॉट्सॲपसाठी मात्र वाट बघू नका. जुनं सिम बंद केलं तरी चोराच्या हातातलं तुमचं व्हॉट्सॲप वायफायवर चालू राहू शकतं, आणि तुमच्या नावाने मावशीकडे ‘पाच हजार पाठव ना, अर्जंट’ असा निरोप जाऊ शकतो. दुसऱ्या फोनवर आपल्या नंबरने व्हॉट्सॲप सुरू करा. एसएमएसऐवजी ‘कॉल करून कोड सांगा’ हा पर्याय निवडा, मला कोड तसाच मिळाला. तुम्ही इकडे शिरलात की तिकडचं आपोआप बाहेर पडतं. तोवर घरच्या ग्रुपवर कुणाला तरी लिहायला सांगा की हिचा फोन गेलाय, पैसे मागितले तर देऊ नका.

गूगलचा पासवर्डही याच वेळी बदला.

६. सीईआयआरवर फोन बाद करा

सीईआयआर म्हणजे देशभरातल्या आयएमईआय क्रमांकांची दूरसंचार विभागाची नोंदवही. २०१९ मध्ये ती सुरू झाली तेव्हा पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र आणि गोवा होते, २०२३ च्या मे महिन्यात संचार साथी या नावाने सगळ्या देशाला खुली झाली. आता संचार साथीचं ॲपही आहे. इथे नोंदवलेला फोन भारतातल्या कुठल्याही कंपनीच्या सिमवर चालत नाही. सिम बदलून उपयोग नाही, कारण बाद होतो तो हँडसेट.

संचार साथीच्या संकेतस्थळावर हरवलेला किंवा चोरीला गेलेला मोबाइल ब्लॉक करण्याचा पर्याय निवडा. अर्जात मोबाइल नंबर, दोन्ही आयएमईआय, कंपनी आणि मॉडेल, कुठे आणि कधी गेला, पोलीस ठाण्याचं नाव, तक्रार क्रमांक, तक्रारीची प्रत, बिल आणि ओळखपत्र द्यावं लागतं. शेवटी ओटीपी, म्हणूनच ते चोवीस तास. प्रती मोबाइलने काढलेल्या चालतात, पण तक्रार क्रमांक वाचता येत नसेल तर अर्ज अडकू शकतो. माझ्या कागदावर शिक्का नेमका क्रमांकावरच मारला होता, म्हणून मी ठाण्यात जाऊन क्रमांक विचारून आले.

अर्ज गेला की एक रिक्वेस्ट आयडी मिळतो. तो दोन ठिकाणी लिहा. अर्जाची स्थिती बघायला तोच लागतो आणि उद्या फोन सापडला तर पुन्हा चालू करायलाही तोच.

फोन बाद केला म्हणजे पोलिसांना तो शोधता येणार नाही, असं काही नाही. उलट कुणी त्यात सिम घातलं की त्याची माहिती यंत्रणेत जाते.

७. मधल्या काळातले भामटे

आठवड्याभरात निरोप येऊ शकतो: ‘तुमचा फोन सापडला आहे, ठिकाण पाहण्यासाठी इथे दाबा.’ आयफोनवाल्यांना तर हा येतोच येतो. लिंकवर हुबेहूब कंपनीचं पान दिसतं आणि पासवर्ड मागतं. चोराला फोन विकायला तुमच्या खात्याचं कुलूप काढून हवं असतं, एवढाच त्यामागचा हेतू. पासवर्ड देऊ नका, आणि ‘हा फोन खात्यातून काढा’ असं कुणी कितीही गोड बोलून सांगितलं तरी काढू नका. दोन हजारांत आयएमईआयवरून फोन शोधून देतो म्हणणारेही भेटतील. ते काम पोलीस आणि मोबाइल कंपन्या यांच्यातच होतं, बाहेरच्या माणसाला ते करताच येत नाही.

८. सापडलाच तर

मला चार महिन्यांनी ठाण्यातून फोन आला. फोन दुसऱ्या जिल्ह्यात कुणीतरी सेकंडहँड म्हणून विकत घेतला होता. तो घ्यायला बिल आणि ओळखपत्र पुन्हा लागलं. घरी आणून सिम घातलं तर नेटवर्क नाही. अर्थात नाही, मीच बाद केला होता ना! सीईआयआरवर फोन सापडल्याची नोंद करून, रिक्वेस्ट आयडी देऊन तो पुन्हा चालू करून घ्यावा लागतो. सोफ्याखाली सापडला तरी हाच रस्ता, आणि पोलिसांनाही कळवायचं.

ज्याने तो विकत घेतला होता तो बिचारा फसला. तुम्ही जुना फोन घेणार असाल तर आधी केवायएम, मग एक जागा सोडून आयएमईआय असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. फोन काळ्या यादीत आहे का ते कळतं.

९. आत्ता, फोन हातात असताना

वीस मिनिटं लागतात. *#०६# डायल करा, दोन्ही आयएमईआय दिसतील, ते कागदावर उतरवा. फोटो काढून त्याच फोनमध्ये ठेवू नका (हसू नका, मी ठेवला होता). बिलाची पीडीएफ स्वतःला ईमेल करा. गूगलचे बॅकअप कोड लिहून पाकिटात ठेवा. सेटिंगमध्ये गूगलच्या विभागात चोरीपासून संरक्षणाचा भाग आहे, त्यात रिमोट लॉक चालू करा आणि आपला नंबर पडताळून घ्या. अँड्रॉइड १० आणि पुढच्या फोनवर तो चालतो. आयफोनवर स्टोलन डिव्हाइस प्रोटेक्शन चालू करा.

लॉक केलेल्या स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणं बंद करा. बहिणीचा फोन टेबलावर ठेवून मी तिच्या बँकेचा ओटीपी मागवला. लॉक न उघडताच सहाच्या सहा अंक पडद्यावर, समोसा खाता खाता वाचता आले.

सिमला पिन लावा, म्हणजे सिम दुसऱ्या फोनमध्ये घातलं की आधी पिन मागेल. इथे सावध: कंपनीने दिलेला मूळ पिन कस्टमर केअरला विचारूनच टाका, अंदाजाने नको. तीनदा चुकलं की सिम अडतं आणि ते सोडवायला कंपनीकडचा पीयूके कोड लागतो. तोही दहा वेळा चुकला की सिम कायमचं बाद. व्हॉट्सॲपचा सहा अंकी पिनही लावा आणि त्याला ईमेल जोडा.

आणि घरातल्या निदान दोघांचे नंबर पाठ करा. मला माझा, आईचा आणि नवऱ्याचा एवढेच पाठ होते, भावाचा अजूनही नाही. आईने मात्र माझे दोन्ही आयएमईआय स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाखाली लिहून ठेवलेत, वर ‘ताईचा फोन, पुसू नये’ असं.